बायबल मांडीवर उघडं ठेवून झोपणाऱ्या ताईंना

पत्राचा सारांश: लिहिणाऱ्या ताई ४६ वर्षांच्या, ख्रिस्ती घरात वाढलेल्या. पहाटे साडेचारला उठून प्रार्थना, मग घरचं, मग दिवसभर घरूनच कॉम्प्युटरवर ऑफिसचं काम, आणि त्यातच अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं. रात्री पाठ टेकायला साडेअकरा. गेल्या काही महिन्यांपासून दुपारी दोनच्या सुमारास डोळे आपोआप मिटतात, स्क्रीनवरची ओळ तीन-तीनदा वाचावी लागते. डॉक्टरांनी रक्त तपासलं, रिपोर्ट नॉर्मल आले, आणि "दुपारी पंधरा-वीस मिनिटं पडत जा" असं सांगितलं. पण लहानपणी आईने 'अरे आळशा, मुंगीकडे जा' हे वचन इतक्यांदा ऐकवलंय की दिवसा आडवं व्हायचं म्हटलं की जीव घाबरा होतो. म्हणून त्या खुर्चीत बसून, बायबल मांडीवर उघडं ठेवून झोपतात, कुणी आलंच तर वाचतेय असं वाटावं. कधी दहा मिनिटांत दचकून जाग येते, कधी दीड तास जातो आणि उठल्यावर डोकं दगड. मागच्या आठवड्यात १३ वर्षांच्या मुलीने विचारलं, "मम्मी, तू प्रेअर करत होतीस की झोपली होतीस?" आणि ताईंच्या तोंडून निघून गेलं, "प्रेअर." तेव्हापासून झोपही नको वाटते आणि प्रार्थनाही धड होत नाही. विचारतात, ही झोप बंद करू का, देवाला हे आवडत असेल का, आणि दुपारी झोपल्यामुळे संध्याकाळचं काम जास्त होतं हे कारण देवाला चालेल का.

ताई,

तुमचं पत्र वाचताना मी त्या मांडीवरच्या बायबलपाशी थांबले. मान एका बाजूला कललेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोट पानात अडकलेलं, आणि दारापाशी पाऊल वाजलं रे वाजलं की मान सरळ करून नजर परत ओळीवर. ह्याला विश्रांती कसं म्हणायचं हो? अंग झोपलंय आणि कान पहाऱ्याला बसलेत. दहा मिनिटांत दचकून जाग येते त्याचं कारण मला तरी हेच दिसतं.

तुम्ही स्पष्ट विचारलंय म्हणून आधी स्पष्टच सांगते. झोप बंद करू नका, खुर्ची बंद करा. बायबल त्याच्या जागी ठेवा, दार लोटून घ्या, पलंगावर आडव्या व्हा, वीस मिनिटांचा अलार्म लावा आणि घरात सांगून झोपा. देवाला आवडेल का ह्याकडे मी येतेच, पण त्याआधी जरा शरीराचं बोलू, कारण मला वाटतं शरीराच्या एका साध्या गरजेला तुम्ही पाप समजून बसलाय आणि जे केलंच नाही त्याचा पश्चात्ताप करत दमताय.

दुपारी एक ते तीनच्या दरम्यान पेंग येणं हे माणसाच्या घडणीतच आहे. आपण म्हणतो जेवण अंगावर आलं, आणि जड जेवणाने पेंग वाढते हे खरंय, पण उपाशी राहिलं तरी ती थोडीफार येतेच, कारण शरीराच्या आतलं चोवीस तासांचं घड्याळ दुपारी थोडं सैल पडतं. त्यात भर म्हणजे आपण जागे असतो तेव्हा मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं, जितके तास जागं तितकं जास्त, आणि झोपलं की ते ओसरतं. आता तुमचा हिशेब बघा. साडेचारला उठलेल्या बाईला दुपारी दोनपर्यंत साडेनऊ तास झालेले असतात. आठ वाजता उठणाऱ्या माणसासाठी ती संध्याकाळची साडेपाचची वेळ झाली! आणि आदल्या रात्रीचं साचलेलंही पुरतं ओसरलेलं नाही, कारण साडेअकरा ते साडेचार म्हणजे पाच तास. मोठ्या माणसाला रात्रीची निदान सात तास झोप लागते असं झोपेचे डॉक्टर सांगतात. पाच आणि सात ह्यातला फरक रोज दोन तासांचा, म्हणजे आठवड्याला चौदा तास, दोन अख्ख्या रात्री. तुम्ही आळशी आहात की नाही हा प्रश्नच इथे येत नाही, तुम्ही दर आठवड्याला दोन रात्री जागताय.

चहा-कॉफी ह्यावर इलाज नाही हेही सांगून ठेवते, कारण बऱ्याच जणी तिथेच वळतात. कॅफीन त्या ॲडेनोसिनची जागा अडवून बसतं, म्हणजे दमणूक जाणवत नाही, पण ती असते तिथेच असते, आणि कॅफीनचा निम्मा अंमल उतरायलाच पाच-सहा तास जातात, त्यामुळे चारची कॉफी रात्री दहालाही अंगात असते.

आता वीस मिनिटंच का. झोप लागल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं साधारण हलकी झोप असते, त्यातून उठणं सोपं जातं. त्यापुढे माणूस गाढ झोपेत उतरायला लागतो, आणि तिथून अर्ध्यातच उठवलं की डोकं जड, जीभ जड, आपण कुठे आहोत तेच कळत नाही, हे अर्धा तास किंवा जास्तही टिकतं. तुमचं 'डोकं दगड' होतं ते हेच. आणि ज्याची रात्रीची झोप अपुरी असते तो गाढ झोपेत लवकर उतरतो, म्हणून तुमचे वीस मिनिटांचे दीड तास होतात. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या फ्लिंडर्स युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी २००६ साली ह्यावर एक अभ्यास छापला, त्यात लोकांना रात्री साधारण पाचच तास झोपू दिलं (अगदी तुमच्यासारखं) आणि दुपारी कधी ५, कधी १०, कधी २०, कधी ३० मिनिटं झोपवून बघितलं. १० मिनिटांच्या झोपेनंतर लोक लगेच तरतरीत होते आणि ते बराच वेळ टिकलं, ५ मिनिटांनी विशेष काही झालं नाही, आणि ३० मिनिटांनंतर आधी थोडा वेळ सुस्ती येऊन मग फायदा दिसला. नासानेही लांब पल्ल्याच्या विमानांच्या पायलट्सना उड्डाण चालू असताना आळीपाळीने ४० मिनिटं विश्रांतीला देऊन बघितली होती, त्यांना सरासरी २६ मिनिटं झोप लागली, आणि लँडिंगच्या वेळी हे पायलट न झोपलेल्यांपेक्षा जास्त सावध होते. म्हणजे ज्यांच्या हातात शेकडो माणसांचा जीव असतो त्यांनाही डुलकी घेऊ द्यावी असा विचार झाला. तुमच्याही हातात एक माणूस आहे, सासूबाई.

इथे मला माझं एक सांगायचंय. माझे वडील शेवटच्या आजारात होते तेव्हा मी रात्रंदिवस त्यांच्याजवळ असायचे, आणि कुणी म्हणालं जरा पड की मला राग यायचा, एवढं साधं मला जमत नाही का असं वाटायचं. गोळ्या भरायचा एक प्लॅस्टिकचा डबा होता, सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे असलेला. एके दुपारी मी तो भरून त्यांच्यासमोर धरला, त्यांनी सकाळच्या कप्प्यातली गोळी बोटांत धरून उजेडाकडे नेली आणि हळूच म्हणाले, "ही रात्रीची आहे ना गं?" झोपेची गोळी होती ती. मी आठवड्याचे सगळे कप्पे उलटे भरले होते. ते रागावले नाहीत, पलंगाच्या कडेला सरकले आणि म्हणाले, "झोप इथे." मी झोपले, त्यांच्या पायाशी, अर्धा तास. पुढे ते गेल्यावर मला त्या घरातलं फारसं काही आठवत नाही, ती दुपार मात्र आठवते.

म्हणून मला एलीयाची गोष्ट फार जवळची वाटते. १ राजे १९ परत वाचून बघा, ह्या वेळी खरंच वाचायला म्हणून. एलीया रानात रतामाच्या झुडपाखाली बसून म्हणतो, पुरे आता परमेश्वरा, माझा प्राण घे. एवढा मोठा संदेष्टा, कर्मेल डोंगरावरच्या त्या सगळ्या पराक्रमानंतर, आणि मरण मागतोय. देवाने त्याला काय पाठवलं? उपदेश नाही पाठवला, वचनही नाही. तो झोपला, देवदूताने हात लावून उठवलं, उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. खाल्लं, प्यायला आणि परत झोपला. देवदूत दुसऱ्यांदा आला तेव्हाही 'अजून झोपलायस?' असं म्हणाला नाही, म्हणाला ऊठ, खा, तुला फार लांब जायचंय. मग तो चाळीस दिवस चालत होरेबला गेला आणि देवाचा मंद स्वर त्याला ऐकू आला तो तिथे. आधी झोप, मग भाकर, मग झोप, मग देवाशी बोलणं. तुमची प्रार्थना धड होत नाही असं तुम्ही लिहिलंय ना, मला वाटतं तुमचा क्रम उलटा लागलाय.

आता मुंगी. तुमच्या आईने सांगितलेलं वचन खोटं नाही, नीतिसूत्रे ६ मध्ये ते आहेच, 'आणखी थोडीशी झोप, आणखी थोडीशी डुलकी' हेही तिथलंच. पण ते कुणाला उद्देशून आहे ते बघा. कापणीच्या दिवसांत जो हात उराशी धरून पडून राहतो, ज्याने काही साठवलं नाही, साठवायची इच्छाही नाही, त्याला. दिवसाचे एकोणीस तास उभ्या असलेल्या बाईला ते वचन लावणं म्हणजे भुकेल्या माणसाला खादाडपणावर प्रवचन देण्यासारखं आहे. आणि त्याच पुस्तकात, फक्त तीन अध्याय आधी, ज्ञानाला धरून राहणाऱ्याला काय मिळतं ते लिहिलंय, तू निजशील तेव्हा भिणार नाहीस, तुझी झोप गोड होईल. नीतिसूत्रे ३:२४. हे वचन तुमच्या घरात कुणी पाठ करून घेतलं का? माझ्याही घरात नाही घेतलं. मुंगी सगळ्यांना पाठ असते.

आणखी एक जागा दाखवते, कारण 'आळशी' ह्या शब्दाचा मला स्वतःला उलगडा तिथे झाला. निर्गम ५. इस्राएली लोक मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, दास म्हणून विटा पाडतायत, मोशे जाऊन म्हणतो आम्हाला तीन दिवस रानात जाऊन यज्ञ करू दे, आणि फारो, म्हणजे तिथला राजा, उत्तर देतो, तुम्ही आळशी आहात, आळशी, म्हणून हे सुचतंय. आणि विटांच्या मातीत मिसळायचं गवत देणं बंद करतो, विटा मात्र तेवढ्याच. दमलेल्या माणसांनी थोडी उसंत मागितली तेव्हा त्यांना आळशी म्हणणारा आवाज बायबलमध्ये असा सगळ्यात ठळक कुठे येत असेल तर तो फारोच्या तोंडी. पुढे ह्याच लोकांना शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस, दिला गेला, आणि 'अनुवाद' ह्या पुस्तकाच्या ५व्या अध्यायात त्याचं कारणही दिलंय, तू मिसरात दास होतास ह्याची आठवण ठेव, म्हणून तुझ्या दासदासींनाही तुझ्याबरोबर विसावा मिळू दे, बैलाला आणि गाढवालासुद्धा. तुमच्या आतला जो आवाज दुपारी दोनला आळशी म्हणतो तो देवाचा आहे असं तुम्ही धरून चाललाय. मला तो विटा मोजणाऱ्याचा वाटतो.

तुमच्या आईंना मी ह्यात ओढत नाहीये, कृपा करून तसं वाचू नका. एकच विचारते, तुम्ही लहान असताना आईंना दुपारी कधी आडवं झालेलं पाहिलंय का? बहुतेक नसेलच पाहिलं. त्यांनाही कुणीतरी कधीतरी हेच ऐकवलं असेल आणि त्यांनी ते तुम्हाला काळजीपोटीच दिलं असेल. त्या असतील तर कधीतरी निवांत विचारा, आई तू दमायचीस तेव्हा काय करायचीस. वाद घालू नका, नुसतं विचारा.

तुमचा तिसरा प्रश्न, दुपारी झोपल्याने संध्याकाळचं काम जास्त होतं हे कारण देवाला चालेल का. काम जास्त होतं हे खरं आहे, वर अभ्यास सांगितलेच. पण हे कारण तुम्ही देऊच नये असं मला मनापासून वाटतं. कारण एकदा का झोप कामाच्या भाड्याने घेतली की ज्या दिवशी झोपूनही काम होणार नाही त्या दिवशी तुम्ही परत गुन्हेगार. गवताशिवाय विटा पाडायच्या त्या पाडायच्याच, फक्त मध्ये वीस मिनिटं. येशू तुफानात नावेच्या मागच्या बाजूला उशी घेऊन झोपला होता (मार्कने ती उशीसुद्धा टिपून ठेवलीय!) तेव्हा शिष्यांनी त्याला उठवून हेच विचारलं, आम्ही बुडतोय ह्याची तुला काळजी नाही का. घरात काम पडलेलं असताना झोपणाऱ्या प्रत्येक बाईला हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतं, बाहेरून नाहीतर आतून. तो झोपला कारण तो दमला होता आणि पित्यावर त्याचा भरवसा होता. दिवसभर लोकांना शिकवून तो नावेत बसला होता. तुम्ही डोळे मिटता ती वीस मिनिटं घर देवावर सोपवलेलं असतं, आणि स्तोत्र १२१ म्हणतं तसं, राखणारा तो डुलकी घेत नाही नि झोपतही नाही. तो जागा आहे म्हणूनच तर आपल्याला झोपता येतं.

मठांमधलं एक उदाहरण मला फार आवडतं तेही सांगते. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियम लिहिले, त्यातल्या ४८व्या प्रकरणाची सुरुवातच अशी, आळस हा आत्म्याचा शत्रू आहे. आणि त्याच प्रकरणात थोडं पुढे लिहिलंय की ईस्टरपासून ऑक्टोबर लागेपर्यंत सगळ्यांनी सहाव्या तासानंतर जेवणावरून उठून आपापल्या बिछान्यावर शांत पडावं, आणि कुणाला वाचायचंच असेल तर त्याने दुसऱ्याची झोप मोडणार नाही असं वाचावं. सूर्योदयापासून मोजलेला सहावा तास म्हणजे आपली दुपार, आणि सिएस्ता हा शब्दही लॅटिनमधल्या त्या 'सहाव्या'वरूनच आलाय. ज्या माणसाला आळसाची एवढी चीड होती त्यानेच दुपारची झोप नियमात बसवली, आणि झोपणारा आणि वाचणारा ह्या दोघांना वेगवेगळं ठेवलं. तुम्ही त्या दोघांना एकाच खुर्चीत बसवलंय.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी तुमच्याशी प्रामाणिक राहणार नाही. बायबलमध्ये दुपारची प्रत्येक झोप चांगलीच आहे असं नाही. २ शमुवेल ११ मध्ये राजे लढाईला जातात त्या दिवसांत दावीद घरी राहतो, संध्याकाळी पलंगावरून उठून गच्चीवर फिरायला लागतो, आणि तिथून बथशेबाचं, म्हणजे दुसऱ्याच्या बायकोचं, सगळं प्रकरण सुरू होतं. जे काम आपलं आहे ते टाळण्यासाठी झोपणं ही वेगळी गोष्ट, आणि ती आपल्याला स्वतःला ओळखू येते. एखाद्या कठीण फोनच्या आधी डोळे जड होतात, कुणाशी बोलायचं टाळायला म्हणून आपण पांघरूण ओढतो. ह्यात तुम्ही आहात असं मला पत्रातून कुठेही दिसलं नाही, पण इतर वाचणाऱ्यांसाठी लिहून ठेवते. आणि असं रोज होत असेल, कशातच मन लागत नसेल, दोन आठवड्यांच्या वर हे चाललं असेल तर त्याला आळस म्हणू नका नि पापही म्हणू नका, डिप्रेशनसाठी डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टरांचं निघालंच आहे तर तुमच्यासाठी. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे ॲनिमिया, थायरॉइड, शुगर हे बघून झालं असेल, झालंय ना ते एकदा विचारून घ्या. पण स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकणं, हा रक्तात दिसत नाही, त्यासाठी वेगळी स्लीप टेस्ट असते. तुम्ही जोरात घोरता का, मध्येच श्वास थांबून दचकता का, हे तुम्हाला कळणार नाही, शेजारी झोपणाऱ्याला विचारा, आणि सकाळी उठल्यावर डोकं दुखतं का तेही बघा. ४६ हे वय पाळी जाण्याच्या आसपासचं, रात्री घामाने जाग येत असेल तर तेही सांगा. सर्दीच्या, ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही दिवसा झोप येते. आणि रोज तासभरापेक्षा जास्त झोपूनही ताजं वाटत नसेल तर ती झोप दुसऱ्याच कशाची तरी खूण असू शकते. लांब दुपारच्या झोपेचा डायबेटीस आणि हृदयविकाराशी संबंध काही अभ्यासांत दिसलाय. झोपेमुळे आजार होतो की आजारामुळे झोप येते हे त्यातून ठरत नाही, पण दाखवून घ्यावं एवढं नक्की.

आता पहाटेचे साडेचार. इथे मी जपून बोलते, कारण ती तुमची आणि देवाची वेळ आहे. येशूही पहाटे अंधार असताना उठून एकांतात प्रार्थनेला गेल्याचं मार्क १:३५ मध्ये आहे. पण स्तोत्र १२७ असंही म्हणतं की पहाटे उठणं, उशिरापर्यंत जागणं, कष्टाची भाकर खाणं हे सगळं व्यर्थ आहे, तो आपल्या प्रियजनांना झोपेतही देतो. दोन्ही एकाच बायबलमध्ये आहेत. साडेचारला उठायचं असेल तर साडेनऊला झोपायला हवं, आणि साडेअकराशिवाय जमतच नसेल तर साडेचार हट्टाने धरू नका. मी म्हणेन आधी रात्रीची बाजू पंधरा-पंधरा मिनिटांनी मागे आणा, ते अजिबात नाही जमलं तर पहाट पुढे सरकवा. दुपारच्या वीस मिनिटांनी रोजची दोन तासांची तूट भरून निघणार नाही, त्यांनी फक्त दुपार निभते, हे लक्षात असू द्या.

ह्यावर तुम्ही म्हणाल, रात्रीचं काम कोण करणार. तेच मला विचारायचं होतं. तुमच्या एवढ्या लांब पत्रात सासूबाई आहेत, मुलगी आहे, आई आहे, ऑफिस आहे, यजमान मात्र एका ओळीतही नाहीत. सासूबाई त्यांच्या आई ना? रात्रीची शेवटची औषधं, कूस बदलणं, ह्यातलं एक जरी त्यांच्याकडे गेलं तरी तुमचा अर्धा-पाऊण तास सुटतो. एलीयाला भाकर कुणीतरी भाजून दिली होती, स्वतः दमलेला असताना त्याला चूल पेटवायला लावली नव्हती. हे मागणं तुम्हाला दुपारच्या झोपेपेक्षाही अवघड जाईल असा माझा अंदाज आहे. तरी मागा. चर्चमधल्या बायकांपैकी कुणी आठवड्यातून एकदा दोन तास सासूबाईंपाशी बसू शकतं का तेही विचारा, लोकांना मदत करायची असते, काय करायचं ते कळत नसतं.

ज्यांना दुपारी पडायचंय पण जमत नाही अशा बाकीच्यांसाठी थोडं. तीनच्या आत झोपा, त्यानंतरची झोप रात्रीच्या झोपेतून वजा होते. अलार्म पंचवीसवर लावा, पाच मिनिटं झोप लागायला. फोन हाताच्या अंतरावर नको, अलार्म लावून पालथा ठेवा, लांब. झोप नाही लागली तरी डोळे मिटून पडून राहिल्याने अंगाला आराम मिळतोच, झोप लागलीच पाहिजे असा आग्रह धरला की ती हमखास पळते. आडवं व्हायला जागा नसेल तर टेबलावर हात ठेवून त्यावर डोकं टेका किंवा खुर्ची भिंतीला लावून मान टेकवा, सहकाऱ्यांना सांगून. ज्यांना रात्री झोपच येत नाही, निद्रानाश आहे, त्यांनी मात्र दुपारी झोपू नये, कारण त्यांना रात्रीसाठी ती झोप साठू द्यावी लागते. नाइट शिफ्टवाल्यांचं गणित वेगळं, त्यांनी ड्युटीआधी दीड तास, म्हणजे झोपेचं साधारण एक पूर्ण चक्र होईल एवढं झोपलं तरी चालतं. आणि गाडी चालवताना डोळे मिटायला लागले तर खिडकी उघडून, गाणी लावून काही होत नाही. सुरक्षित जागी थांबा, कॉफी मिळाली तर प्या आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं झोपा, कॅफीन चढायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो, उठाल तेव्हा दोन्ही मिळून काम करतात.

राहिली तुमची मुलगी. माझ्या मते तिने तुम्हाला पकडायला विचारलंच नव्हतं. तिला मम्मी दमलेली दिसली आणि तिने विचारलं, बस. तिला जवळ बसवून सांगा, त्या दिवशी मी झोपले होते, तुला प्रेअर म्हणाले ते खोटं होतं, मला लाज वाटली म्हणून बोलले, सॉरी. एवढंच. त्यावर लांब स्पष्टीकरण नको, वचनंही नकोत. १३ वर्षांच्या मुलीला आई चुकते हे आधीच माहीत असतं, आई ते कबूल करते हे तिला फार क्वचित बघायला मिळतं. आणि तिच्या वयाला रात्रीची आठ ते दहा तास झोप लागते, ती आत्ता तुमच्याकडे बघूनच ठरवतेय की बाईने किती झोपायचं असतं.

सासूबाईंनाही सांगून झोपा, "आई, मी वीस मिनिटं पडतेय, काही लागलं तर हाक मारा." जमलं तर त्यांच्याच खोलीत पडा. झोपण्याआधी प्रार्थना करायची असेल तर एका ओळीची करा, स्तोत्र ४ च्या शेवटी आहे तशी, मी शांतपणे निजतो, कारण मला सुरक्षित ठेवणारा तू आहेस. आणि प्रार्थना करता करता डोळा लागला तर लागू द्या, बापाशी बोलता बोलता लेकरू झोपलं तर बाप त्याला हलवून उठवत नाही.

उद्या दोन वाजता लॅपटॉप मिटला की अलार्म लावायचं काम मुलीला द्या. आणि पंधरा दिवसांनी मला दोन गोष्टी नक्की कळवा, साडेअकराचे किती वाजले, आणि यजमान काय म्हणाले.